हा आजार कुठल्या गावचा

चंदगडच्या स्टँडवर कोल्हापूरची गाडी लागली तेव्हा आईनं मिठाची पिशवी माझ्या हातात दिली नाही, खाली फरशीवर ठेवली. मीठ हातात दिलं की भांडण होतं, अशी आमच्याकडची समजूत. मी वाकून ती उचलली आणि बॅगेत कपड्यांच्या खाली सारली. शेजारच्या मावशी सोडायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, कोल्हापुरात मीठ मिळत न्हाय व्हय? पोरगी नोकरीला निघालीया का मिठागरावर?"

आई हसली नाही. "मिळतंय की. पण ते नुसतं पांढरं पीठ. त्याला चव न्हाय."

ते खडे मीठ दर उन्हाळ्यात गोव्याकडून घाट चढून आमच्याकडे येतं. पावसाचे चार महिने काढायचे म्हणून घरोघरी मडक्यात भरून ठेवतात. आई वर्षभर तेच वापरते, आमटीत, लोणच्यात, सगळ्यात. आपल्या घराची चव त्या मिठात आहे असं तिला मनापासून वाटत असावं. नाहीतर तिनं मला काजू दिले असते. ते आमच्याकडे पोत्यानं होते.

बाबा खिडकीखाली उभे होते. ते प्राथमिक शाळेत शिक्षक आहेत आणि त्यांची वाक्यं फळ्यावर लिहिल्यासारखी येतात. "तब्येत सांभाळ," ते म्हणाले. "तब्येत बिघडली तर नोकरी राहिली बाजूला. सरळ घरी यायचं. मग चर्चा नाही." मी मान हलवली. ते हुकूम देत होते की विनवणी करत होते, हे मला तेव्हा कळलं नाही. गाडी सुटली. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कुठं निघालीस, पोरी?" मी म्हटलं, "कोल्हापूर." तो म्हणाला, "ते ठावं हाय. गाडीच कोल्हापूरची हाय की." पुढं काय बोलायचं ते मला सुचलं नाही, म्हणून मी कानात इयरफोन घातले. गाणं लावलंच नव्हतं.

जे सातासमुद्रापार गेले त्यांच्या आठवणी वाचताना मला संकोच वाटतो. मी एका जिल्ह्यातून त्याच जिल्ह्यात गेले. सकाळची गाडी धरली तर दुपारच्या जेवणाला माणूस पोचतो. पण तुमच्यापैकी जे असे जवळच गेले आहेत त्यांना ठाऊक असेल, की जवळच्या अंतराचा त्रास वेगळा असतो. लांब गेलेल्याला येता येत नाही. जवळच्याला येता येत असतं, आणि तरी तो येत नाही. त्याचं कारण दर रविवारी नव्यानं सांगावं लागतं.

बाबांनी मला पहिलीपासून इंग्लिश मीडियमला घातलं होतं. शाळेची जीप गावाबाहेरच्या फाट्यावर यायची, आणि आमच्या गल्लीत टाय लावणारी मी एकटीच होते. त्यामुळे मी दोन भाषा शिकले आणि दोन्हींत गप्प बसायलाही शिकले. पण लिहिताना माझं इंग्रजी चांगलं होतं, आणि कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कंपनीला तेवढंच हवं होतं. ती कंपनी ट्रॅक्टरचे ओतीव भाग बनवून परदेशी पाठवते. माझं काम निर्यातीच्या कागदपत्रांचं. आपला दिवस संपत आला की तिकडच्या ग्राहकांचा सुरू होतो. कंपनीची बस पहाटेच, कोल्हापुरात मी राहते त्या राजारामपुरीच्या कोपऱ्यावर यायची आणि कॉल संध्याकाळनंतरही चालायचे. मेस बंद झालेली असायची. मग बिस्किटं, नाहीतर खडे मीठ घालून शिजवलेला भात. झोप अशी नव्हतीच. उशीखाली फोन असायचा, आणि तो वाजला नाही तरी मी जागी व्हायचे.

मी ज्या खोलीत राहते तिच्या मालकीणबाई, काकू, खालच्या मजल्यावर राहतात. त्यांचा आवाज असा की जिन्यातून बोलल्या तरी गच्चीवर ऐकू येतं. पहिल्या वर्षाच्या अखेरीस एक दिवस त्यांनी मला जिन्यात अडवलं, हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि म्हणाल्या, "हवा मानवली की गं कोल्हापूरची! आलीस तवा काडी हुतीस. गाल बघ आता." कंपनीच्या कॅन्टीनमध्येही तेच. "तांबडा-पांढरा रस्सा लागू पडला मॅडमना." मी हसायचे. मी तर दिवसातून जेमतेम एकदा नीट जेवत होते. आपल्याकडे माणूस सुजला तरी आधी लोक अभिनंदन करतात.

बाकीच्या गोष्टी कुणाला दिसत नव्हत्या. न्हाणीघराच्या जाळीत अडकणारे केस. भर एप्रिलमध्ये पंखा बंद करून पांघरूण घेणं. सकाळी उठताना अंगावर कुणीतरी ओलं पोतं टाकलंय असं वाटणं. एकदा मी एका कागदावर चुकीच्या बंदराचं नाव टाकलं. साहेब रागावले नाहीत, फक्त त्यानंतर माझी कागदपत्रं दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्यायला लागले. आवाज घोगरा झाला होता, पण हे मला कळायला फार दिवस लागले, कारण दिवसभरात मी बोलायचेच इतकं थोडं. ते पहिल्यांदा ओळखलं परदेशातल्या एका बाईनं, कॉलवर. आम्ही कंटेनरच्या तारखेबद्दल बोलत होतो आणि मध्येच तिनं विचारलं, तुला सर्दी झालीय का, गेले दोन-तीन महिने तुझा आवाज असाच येतोय. इतक्या लांबच्या, चेहरा न पाहिलेल्या माणसाला जे कळलं, ते इथं कळावं इतक्या जवळ माझं कुणी नव्हतं.

डॉक्टरबाईंनी गळा चाचपला, रक्त तपासायला लावलं आणि रिपोर्ट बघून म्हणाल्या, "थायरॉईड कमी काम करतोय. घाबरण्यासारखं नाही. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर निदान अर्धा-पाऊण तास चहासुद्धा नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू."

मला आजाराची भीती वाटली नाही. मला बाबांचं ते खिडकीखालचं वाक्य आठवलं. सरळ घरी यायचं, मग चर्चा नाही. मी फोनवर थायरॉईडबद्दल वाचत सुटले, आणि जे वाचत होते ते सगळं माझ्याविरुद्धच्या तक्रारीसारखं वाटत होतं. अपुरी झोप. ताण. अवेळी जेवण. व्यायाम नाही. म्हणजे घर सोडलं म्हणून झालं. चंदगडला मी नऊला झोपत होते, नाचणीची भाकरी खात होते, आणि मला काही झालेलं नव्हतं. बाबांना रिपोर्ट दाखवला असता तर त्यांनी शांतपणे माझी बॅग भरायला घेतली असती, आणि त्यांच्याशी वाद घालायला माझ्याकडे एकही मुद्दा नव्हता. मला इथं फार सुख होतं असं नाही. पण खोलीची किल्ली माझी होती, पगार माझा होता, आणि गल्लीतल्या कुणालाही मी कुणाची मुलगी ते ठाऊक नव्हतं. मला ते सोडायचं नव्हतं. म्हणून मी कुणालाच काही सांगितलं नाही.

कुणालाच म्हणजे काकूंनाही. आणि तिथंच घोटाळा झाला. काकूंकडे समोर म्हैस पिळून दूध देणारा गवळी येतो. माझे गाल भरायला लागल्यापासून हे श्रेय आपल्याकडे असावं असं त्यांना वाटू लागलं होतं. मी पहाटे जिना उतरले की त्या पेला घेऊन दारात उभ्या. "पी. आणि माझ्यासमोर पी, खोलीत नेऊन झाडाला घालशील." मला आत्ता चालत नाही, असं म्हटलं असतं तर का, असं विचारलं असतं. एकदा काकूंना कळलं की गल्लीला कळायला वेळ लागत नाही, आणि कोल्हापुरात चंदगडचं कुणी ना कुणी असतंच. मग मी गोळी मुठीत घेऊन खाली उतरायचे आणि दुधाच्या पहिल्या घोटाबरोबर गिळून टाकायचे. औषध पोटात गेलं ना, मग झालं, असं मला वाटायचं.

तीन महिन्यांनी रिपोर्ट जवळजवळ तसाच आला. डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "गोळी घेता ना?"

"रोज."

"कशाबरोबर?"

मी दुधाबद्दल सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. दूध, चहा, कॅल्शियमच्या, लोहाच्या गोळ्या, या सगळ्यांमुळे ती गोळी रक्तात नीट उतरत नाही, हे त्यांनी मला लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं. मग जेवणखाण विचारलं. घरच्या मिठाचं ऐकून म्हणाल्या, "चवीला असू दे. पण रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनचं वापरा."

मला एकच विचारायचं होतं. "हे नोकरीमुळे झालं का? म्हणजे, घर सोडल्यामुळे?"

"नाही हो," त्या म्हणाल्या. "नुसत्या ताणानं कुणाचा थायरॉईड बिघडला असं मी तरी सांगणार नाही. तुमच्या रिपोर्टवरून शरीरच त्या ग्रंथीशी भांडतंय असं दिसतं. हे बऱ्याचदा घरातून आलेलं असतं. पण झोप नाही, जेवण नाही, डोक्याला सतत घोर, यानं त्रास वाढतो. आणि मुख्य म्हणजे, थकवा कामाचा की आजाराचा, ते माणसाला कळत नाही. तुम्हीच बघा ना, वर्षभर कळलं नाही." मग त्यांनी लिहिता लिहिता विचारलं, "घरात कुणाला आहे? आईला?"

"आईला काही नाही," मी म्हटलं. "तिला फक्त थंडी फार वाजते."

आणि ते वाक्य माझ्याच घोगऱ्या आवाजात ऐकताना मला आईचा आवाज ऐकू आला. मी कॉलेजात होते तेव्हापासून तो बसलेला आहे. आमच्याकडे म्हणायचे, चंदगडच्या पावसानं बसला. तिचे पाय संध्याकाळी सुजायचे, ते ओल्या जमिनीवर बसून काजू सोलल्यामुळे. तिला सकाळी उठवत नसे, ते दमट हवेमुळे. मे महिन्यात स्वेटर घालून ती चुलीपाशी बसायची आणि बाबा चेष्टेनं म्हणायचे, "तुझी आई म्हणजे पावसाळ्यातली म्हैस. ओरडल्याशिवाय उठायची नाही." आम्ही सगळे हसायचो. तीही हसायची, हळूच, दोन क्षण उशिरा.

मी दवाखान्यातून निघाले ती राजारामपुरीच्या सगळ्या गल्ल्या चालत राहिले. आईला तपासायला आणायचं तर कारण सांगावं लागणार होतं. "मला झालंय, म्हणून तुलाही असेल" हे एकच कारण तिला पटलं असतं. आणि ते सांगितलं की बाबांना कळणार. मग मी जे इतके दिवस सांभाळलं ते सगळं एका फोनवर जाणार. दोन रविवार मी फोनवर हवापाण्याचं बोलले. तिसऱ्या रविवारी आई म्हणाली, "परवा चुलीवर दूध ठेवलं आणि इसरलो बघ. समदं करपलं. हल्ली डोक्यात काय ऱ्हातच न्हाय." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल अशाच बोलतात, पुरुषांसारख्या. मला कंपनीतला तो चुकीच्या बंदराचा कागद आठवला. मी तिला सगळं सांगितलं.

तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "गोळी खाऊन बरं वाटतंय का तुला?"

"आता वाटतंय. दुधाच्या तासभर आधी नुसत्या पाण्याबरोबर घेते तेव्हापासनं."

"मग येतो मी. तुझ्या बाबांस्नी दाताचं सांगतो."

ती एकटीच आली. आयुष्यात पहिल्यांदा एवढा प्रवास एकटीनं करून, स्टँडवर पिशवी छातीशी धरून उभी होती. काकूंनी तिला ओढूनच घरात नेलं. "या, बसा. तुमची पोरगी लई गप हो. घरात भाडेकरू हाय का कॅलेंडर, कळत न्हाय." आई म्हणाली, "ल्हानपणापासनं तशीच. शाळेत बाईंनी हजेरी घेतली तर नुसता हात वर करायची." दोघी माझ्यावर हसल्या. मग आईनं, मला जे इतक्या महिन्यांत जमलं नव्हतं ते एका दमात सांगून टाकलं: "दूध सकाळचं नका देऊ तिला. गोळी हाय. रातचं द्या." काकू म्हणाल्या, "आत्ता गं बया! मग तोंड शिवलंवतं काय हिचं?"

माझी खोली आईनं बघितली. एक ताट, एक वाटी, एक पेला. तिनं प्रत्येक वस्तू उचलून जागेवर ठेवली. "हितं तुझं कोण हाय?" तिनं विचारलं. ती टोमणा मारत नव्हती. मी काकूंचं नाव घेतलं. ती म्हणाली, "त्या झाल्या. आणि?" मी खिडकी लावून घेतली.

तिचा रिपोर्ट माझ्यापेक्षा कितीतरी वाईट निघाला. डॉक्टरबाई म्हणाल्या, हे बऱ्याच वर्षांचं आहे, कशा चालत होता तुम्ही? बाहेर रस्त्यावर आल्यावर आई एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली आणि मला म्हणाली, "म्हणजे मी आळशी न्हवतो?"

"नाही."

"तुझी आजी आळशी म्हणायची. मरंस्तवर म्हणायची." ती पदरानं तोंड पुसत राहिली. "मलाबी खरंच वाटायचं की गं."

तिथंच बसून तिनं माझ्याकडून फोन मागून घेतला आणि बाबांना लावला. मी म्हटलं, माझं नको सांगू. तिनं हातानंच मला गप्प केलं. "ऐकलासा का? दात न्हाय, थायरॉईड हाय. मला हाय. आणि पोरीलाबी हाय." पलीकडून बाबांचा आवाज चढलेला मला ऐकू आला. घर सोडलं की असंच होतं, बॅग भर, उद्याच्या गाडीनं दोघी या, असलं काहीतरी. तिनं त्यांचं सगळं बोलणं होऊ दिलं. मग तिच्या त्या बसलेल्या आवाजात म्हणाली, "तिला घर सोडून झालं म्हणता. मग मी कुठं गेलतो? मला तुमच्या घरात बसून झालंय. तेबी तिच्या आधी. आता सांगा, कुणी कुठं जायचं ते."

इतकं लांब वाक्य आईनं बाबांना एका दमात बोललेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. शेवटी बाबांनी विचारलं, "गोळ्या रोज घ्याव्या लागतात का?" तिनं फोन माझ्याकडे दिला. मी त्यांना उपाशीपोटी, पाणी, अर्धा-पाऊण तास, सगळं समजावलं. ते "बरं" म्हणत गेले. बहुतेक लिहून घेत होते.

म्हणून मी अजून इथंच आहे. कॉल संपले की फोन दुसऱ्या टोकाला, टेबलावर ठेवते. डबा लावला आहे. तुमच्यापैकी जे बाहेर पडलेत आणि सारखे दमलेले असतात त्यांना एवढंच सांगेन, की थकवा आला की लगेच शहराला दोष देऊ नका, आधी तपासून घ्या. आणि जे मागं राहिलात, घरातली एखादी बाई वर्षानुवर्षं थंडीनं आखडून बसत असेल तर तिला स्वभाव म्हणून सोडून देऊ नका.

तेव्हापासून बाबांनी मला घरी यायला सांगितलेलं नाही. एकदाही नाही. मला जे हवं होतं ते मिळालं. ज्या वाक्याला मी इतकं घाबरत होते ते आईनं त्यांच्या तोंडून कायमचं काढून घेतलं. मला वाटलं होतं की त्यानंतर खूप मोकळं वाटेल.

गेल्या रविवारी मला ताप होता. बाबांचा फोन आला तेव्हा मी तो लपवला नाही. ते म्हणाले, "जवळ डॉक्टर आहेत ना? दाखवून घे." मी "हो" म्हटलं. मग मी थांबले. त्या वाक्याला आणखी एक अर्धा तुकडा असायला हवा, असं मला वाटत होतं. शाळेत ताप भरला की तो असायचा, सरळ घरी यायचं. पलीकडे तेही थांबले होते. अंगणात कुणीतरी पाणी ओतत होतं, कोंबड्या हुसकावत आई कुणाला तरी जेवायला हाक मारत होती, घराचं दार नेहमीसारखं फरशीवर घासून उघडलं. बाबा काही म्हणाले नाहीत. मीही काही मागितलं नाही. फोन मात्र दोघांनीही ठेवला नाही, आणि तेवढ्या वेळात मी घरी जाऊन आले.